राखेवरून पारख

(दृश्य : टेबलावर पाण्याचे दोन ग्लास. प्रत्येकात एकेक पेलेट पडतं.)

पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली, शेगडीत जाळायची छोटी कांडी. डावीकडचं थेट तळाला गेलं. उजवीकडचं अजून वरच तरंगतंय. लाकडाचा भुसा नीट दाबला गेला असेल, तर पेलेट पाण्यापेक्षा जड होतं आणि बुडतं. सैल दाबलेलं वर राहतं. पोत्यावर काय छापलंय ते नंतर वाचू, आधी हे पाहून घ्या.

(दृश्य : फिरती डाय, अगदी जवळून. वाफ.)

भोकाभोकांचं हे पोलादी कडं म्हणजे डाय. पेलेटची सगळी गुणवत्ता इथे ठरते, म्हणून जरा थांबून बघू. ताज्या लाकडाचं जवळपास निम्मं वजन पाण्याचं असतं. भुसा वाळवून ओलावा १० टक्क्यांच्या आसपास आणायचा, बारीक दळायचा, मग रोलर तो ६ किंवा ८ मिलिमीटरच्या भोकांतून रेटतात. दाबानं आणि घर्षणानं भुसा तापतो. लाकडातच असलेलं लिग्निन मऊ पडतं, बाहेर येऊन निवलं की घट्ट धरतं. लाकूड स्वतःच स्वतःला चिकटतं! अंगावरची ही तुकतुकी त्याचीच खूण. पृष्ठभाग भेगाळलेला, खरखरीत दिसला, तर इथेच कुठेतरी घाई झालेली असते.

(दृश्य : गरगर फिरणारी चाचणीची पेटी, नंतर चाळणी.)

अर्धा किलो पेलेट्स, मिनिटाला ५० फेरे, १० मिनिटं. मग चाळणी. पेलेट्सच्या दर्जासाठी युरोपात ‘ईएनप्लस’ हे प्रमाणपत्र आहे. त्यातल्या सर्वांत वरच्या ‘ए१’ प्रतीत किमान ९८ टक्के माल चाळणीवर शाबूत राहावा लागतो. घरी पेटी नसते, पण चाळणी असते. १५ किलोच्या पोत्यात या प्रतीला अर्धा टक्का, म्हणजे ७५ ग्रॅम भुकटी चालते. त्याहून जास्त निघाली, तर ती शेगडीत पेलेट्स पुढे ढकलणाऱ्या मळसूत्राखाली साचते, जळण कमीजास्त पडतं आणि ज्योत धापा टाकते.

(दृश्य : तळहातावर फिकट आणि गडद पेलेट्स.)

रंगावर जाऊ नका, हे मात्र कळकळीनं सांगायचंय. गडद रंग सालीमुळे येतो, तसाच लाकडाच्या जातीमुळे किंवा वाळवतानाच्या आचेमुळेही येतो. कठीण लाकूड जास्त उष्णता देतं, ही समजूतही किलोच्या हिशेबात टिकत नाही. उलट मऊ लाकडातल्या राळेमुळे आणि लिग्निनमुळे त्याचंच पारडं बहुधा किंचित जड असतं.

(दृश्य : एकसारख्या दोन शेगड्या, दोन ज्योती. एकीची काच काळवंडत जाते.)

दोन्ही शेगड्या सारख्या, सारख्याच साफ केलेल्या, हवेचं बटण एकाच आकड्यावर. एवढं सांभाळलं नाही, तर तुलनेला अर्थ नाही. फरक फक्त पोत्याचा. ए१ प्रतीत राख ०.७ टक्क्यांपर्यंत, सर्वांत खालच्या बी प्रतीत २ टक्क्यांपर्यंत. म्हणजे एका पोत्यामागे १०५ ग्रॅम की ३०० ग्रॅम, एवढा फरक. साल आणि तिला चिकटून आलेली माती-वाळू राख वाढवतात. ती वाळू आचेत राखेतल्या क्षारांशी मिळून वितळते आणि जळणपात्रात खंगर, म्हणजे राखेचा कडक गोळा, तयार होतो.

(दृश्य : चिमट्यात धरलेला खंगर.)

हा बघा. हवेची भोकं यानंच बुजवली होती. रंग किंवा रसायन लावलेल्या लाकडापासून केलेल्या पेलेट्सचा धूर घरात नको. बंद कोठीत साठवलेल्या पेलेट्समधून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सुटतो, तो जिवावर बेततो, म्हणून वारा खेळता हवा आणि आत शिरण्याआधी कोठी उघडून ठेवावी.

(दृश्य : दोन्ही शेगड्यांचे राखेचे ट्रे पत्र्याच्या बादलीत रिकामे होतात. संगीत नाही.)

हे डाव्या शेगडीचं. पिठासारखी राख, निःशब्द पडते.

आणि हे उजव्या शेगडीचं. आवाज ऐका.