दोन फाटकांच्या मधे

कुत्र्यांना मोकळं सोडायच्या मैदानाचं, म्हणजे डॉग पार्कचं, पहिलं फाटक मागे लागलंय, दुसरं अजून बंद आहे. कुत्र्याचा पट्टा काढायचा तो या मधल्या छोट्या चौकातच. आत गेल्यावर नाही. सगळी कुत्री मोकळी आणि हा एकटाच बांधलेला, तर त्याला धड पळता येत नाही की मागे सरता येत नाही. मग उरतं ते गुरगुरणं.

आता जाळीपलीकडे बघा. नवा पाहुणा आला म्हणताच सगळी टोळी फाटकाशी जमली. भांडणं पेटतात ती बऱ्याचदा इथेच. म्हणून जाणते पालक गर्दी पांगेपर्यंत थांबतात, आणि फाटक उघडलं की उभे न राहता चालू लागतात. माणूस पुढे निघाला की कुत्राही घोळक्यात अडकत नाही.

पुढचे पाय कोपरापर्यंत जमिनीला टेकलेले, मागचा भाग वर: हे खेळायचं बोलावणं. प्राण्यांच्या वर्तनाचे अमेरिकी अभ्यासक मार्क बेकॉफ यांनी १९९५ मध्ये यातली एक गंमत दाखवली. मान झटकून चावण्यासारखा, गैरसमज होईल असा प्रकार करायच्या अगदी आधी किंवा लगेच नंतर कुत्री अशी वाकतात. म्हणजे, चावलो ते खेळात, मनावर घेऊ नकोस.

हे बघा, काळा वर, तांबडा खाली. खेळ की दादागिरी? वरच्याला क्षणभर धरा. खालचा उठून पुन्हा त्याच्याच अंगावर गेला, तर खेळ. संधी साधून सटकला, तर त्याला पुरे झालं होतं. नुसत्या हलत्या शेपटीवर जाऊ नका. अंग ताठ, तोंड मिटलेलं, नजर रोखलेली आणि उंच शेपटीचं टोक तेवढं हलतंय, तर ते लाडात येणं नव्हे.

विष्ठा उचला, माजावर आलेली कुत्री आणू नका, हे फलकावर असतंच. लसीकरण पूर्ण न झालेलं पिल्लूही नको. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. मोबाइलमध्ये मान घालून बसलेल्या माणसाबद्दल मात्र फलक गप्प असतो. खरं तर मैदानातला सर्वांत बेभरवशाचा प्राणी तोच.

राहिलं निघणं. ‘ये’ ही हाक फक्त घरी जातानाच ऐकू आली, तर कुत्रा लवकरच शहाणा होतो आणि कान बंद करतो. म्हणून खेळ ऐन रंगात असतानाच बोलवायचं, पाठ थोपटायची, पुन्हा सोडून द्यायचं. या पांढरीला आता तिसऱ्यांदा हाक गेलीय. आली! पट्टा अडकवला, तरी ती सुटायची वाट बघत उभी आहे.