मार पडायच्या आधीची धमकी

श्रोतेहो, नमस्कार.

कॉलेजच्या मैदानावर क्रिकेट चाललेलं असतं. हातातला झेल सुटतो आणि गोलंदाज ओरडतो, "थांब, आज तुला जिवंत सोडत नाही!" सगळे हसतात, ज्याला उद्देशून बोललं तोही हसतो आणि खेळ पुढे चालू राहतो. त्याच संध्याकाळी वसतिगृहाच्या जिन्यात एक सीनियर पहिल्या वर्षाच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवतो आणि अगदी शांतपणे म्हणतो, "रेक्टरकडे गेला होतास म्हणे. अजून तीन वर्षं इथंच काढायचीत तुला, लक्षात ठेव." ना शिवी, ना चढलेला आवाज. पण त्या मुलाला त्या रात्री झोप लागत नाही.

या दोन वाक्यांतली धमकी कोणती, हे विद्यार्थ्यांना विचारावं लागत नाही. चुकतो ते आपण, आईवडील आणि शिक्षक. मुलगा घरी फोन करतो तेव्हा आपला पहिला प्रश्न असतो, "मारलं का तुला कुणी?" तो नाही म्हणाला की आपण मोकळे होतो. "मग कशाला मनावर घेतोस? दुर्लक्ष कर." हे उत्तर ऐकलेला मुलगा पुन्हा फोनवर तो विषय काढत नाही. आज मी बोलायला आलो ते याच कारणासाठी.

कायदा मार पडायची वाट पाहत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३५१ मध्ये गुन्हेगारी स्वरूपाच्या धाकदपटशाची व्याख्या आहे. समोरच्याच्या शरीराला, अब्रूला किंवा मालमत्तेला, नाहीतर त्याच्या जवळच्या माणसाच्या शरीराला वा अब्रूला इजा करण्याची धमकी द्यायची, आणि ती त्याला घाबरवण्यासाठी किंवा त्याचं वागणं बदलायला भाग पाडण्यासाठी द्यायची, हा तो गुन्हा. "तक्रार मागे घे, नाहीतर..." "निवडणुकीला उभा राहू नकोस, नाहीतर..." यातल्या 'नाहीतर'च्या आधी काय आहे ते नीट ऐका. हक्काची गोष्ट सोडायला सांगितली जातेय का? मग पुढचं वाक्य अर्धवट सोडलेलं असलं तरी त्याचा अर्थ शोधायला हवा.

साध्या धमकीला दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. जिवे मारण्याची किंवा गंभीर दुखापतीची धमकी असेल तर सात वर्षांपर्यंत. आणि याच सात वर्षांच्या यादीत स्त्रीच्या चारित्र्यावर आळ घेण्याची धमकीही आहे. "माझ्याशी बोलली नाहीस तर तुझ्याबद्दल कॉलेजभर काय पसरवतो बघ," असं मुलीला म्हणणाऱ्या मुलाला, आणि "मुलं आहेत, भांडतात," म्हणून ते सोडून देणाऱ्या प्राध्यापकांना, ही गोष्ट ठाऊक असायला हवी.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. माणिक तनेजा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट केलं, की घाबरवण्याचा हेतू नसेल तर नुसते शब्द उच्चारल्याने हा गुन्हा होत नाही. निर्णय जुन्या भारतीय दंड संहितेतल्या कलम ५०६ वरचा असला तरी नव्या कलमातही हेतूची अट तशीच आहे. रागाच्या भरात "बघून घेतो तुला" म्हणून दहा मिनिटांत चहाच्या टपरीवर एकत्र बसणाऱ्यांना गुन्हेगार ठरवायचं नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण तर बाल न्याय मंडळापुढे जातं, आणि तेच योग्य आहे.

पण हेतू सिद्ध करायचा म्हणजे अवघड काम. इथे महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा उपयोगी पडतो. त्याचं माप निराळं आहे. ज्या वागण्याने विद्यार्थ्याला शारीरिक वा मानसिक इजा होते किंवा होण्याची शक्यता असते, भीती वाटते, लाज वाटते, ते रॅगिंग; आणि त्यात धमकावणं नाव घेऊन नमूद केलं आहे. वसतिगृह आणि शिकवणी वर्गही या कायद्याच्या कक्षेत येतात, आणि प्रकार संस्थेच्या आवाराबाहेर घडला म्हणून सुटका होत नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. दोषी ठरलेल्याला संस्थेतून काढलं जातं, आणि पुढची पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश मिळत नाही.

लेखी तक्रार विद्यार्थी करू शकतो, पालक करू शकतात, शिक्षकही करू शकतात. ती मिळाल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखांनी चौकशी करायची, आणि प्रथमदर्शनी तथ्य आढळलं तर आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. टाळाटाळ केली तर या कायद्यानुसार प्रमुखांनीच गुन्ह्याला साथ दिली असं मानलं जातं. प्राचार्य "आपसांत मिटवा" म्हणाले, तर कृपया हे त्यांना नम्रपणे पण नक्की सांगा.

आणि तक्रार लिहिताना "मला धमकी दिली" एवढंच लिहू नका. नेमके शब्द लिहा, शिवी असेल तर शिवीसकट. कुठे बोलला, किती वाजता, सोबत कोण होतं, त्याआधी काय घडलं होतं, आणि त्यानंतर तुम्ही काय करायचं सोडलंत: मेसमध्ये जाणं, लायब्ररीत बसणं, एखादा तास. हे शेवटचं बहुतेक जण लिहीत नाहीत. भीती खरी होती हे त्यातूनच कळतं. हे सगळं त्याच दिवशी लिहून ठेवा, कारण आठवड्याने शब्द बदलतात आणि साक्षीदार गप्प होतात.

कॉलेजमध्ये बोलायची हिंमत होत नसेल तर देशभरासाठी रॅगिंगविरोधी हेल्पलाइन आहे, चोवीस तास चालू आणि विनाशुल्क. पेन हाताशी असेल तर क्रमांक लिहून घ्या: १८००-१८०-५५२२. पुन्हा सांगतो, एक आठ शून्य शून्य, एक आठ शून्य, पाच पाच दोन दोन. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८.

नमस्कार.