सर्वर डाऊन हाय, काका

(दृश्य: पावसाळी दुपार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातलं सेवा केंद्र. दाराशी चिखलाच्या चपला, भिंतीला टेकवलेल्या छत्र्या.)

30 जुलै. अर्जाची मुदत उद्या संपते. काका सकाळी सातपासून इथं बसलेत. सातबारा, आधार, पासबुक, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. दोन वाजले तेव्हा केंद्रवाली ताई स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, "सर्वर डाऊन हाय, काका."

'लाइट गेली' म्हणावं तितक्या सहजपणे हे वाक्य आमच्याकडे बोललं जातं. कोणी कारण विचारत नाही.

मी याच गावचा. आता नागपूरला मिहान या उद्योग क्षेत्रात जावा या संगणकाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहायचं काम करतो. ताईच्या खांद्यावरून डोकावलो तर स्क्रीनवर आकडा होता 504. म्हणजे दारावरच्या सर्व्हरनं आतल्या सर्व्हरला हाक दिली, ठरलेला वेळ थांबला, आणि उत्तर आलं नाही. आतला बंद असेलच असं नाही. 503 आला असता तर 'सध्या घेत नाही, मग या' असा अर्थ. आणि पानच उघडत नसेल, दुसरी कुठलीच साइट चालत नसेल, तर आधी गावातल्या टॉवरकडे पाहावं.

तो 'आतला' म्हणजे ॲप्लिकेशन सर्व्हर. काकांना तो समजावून सांगायला मी यार्डाचा आधार घेतला.

(दृश्य: ऑक्टोबरमधलं चित्रण. बाजार समितीचं यार्ड, सोयाबीनची आवक. फाटकावर ट्रॅक्टरांची रांग.)

फाटकावरचा माणूस गाड्या आत सोडतो, कोणत्या ओट्यावर जायचं ते सांगतो. तो वेब सर्व्हर. त्याला भाव कळत नाही, वजन कळत नाही. सगळ्यात मागे अडत्याची वही, तो डेटाबेस. आणि मधला सगळा पसारा, पोती उचलणं, काट्यावर नेणं, ओलावा पाहणं, नियमात बसतं की नाही ठरवणं, हिशोबपट्टी करणं, हा ॲप्लिकेशन सर्व्हर.

आता हमाल मोजा. संगणकात त्यांना थ्रेड म्हणतात. एक अर्ज आला की एक थ्रेड तो पाठीवर घेतो आणि शेवटपर्यंत नेतो. टॉमकॅट नावाचा सर्व्हर जगभर वापरला जातो; त्याची मूळ मांडणी न बदलता चालवला तर एका वेळी 200 थ्रेड राबतात. दोनशे हमाल म्हणजे यार्ड मोठंच. पण वहीपर्यंत जायला काटा लागतो. डेटाबेसशी जोडणी उघडणं महागाचं काम, म्हणून थोड्या जोडण्या आधीच उघडून ठेवतात आणि आळीपाळीनं वापरतात. हिकारीसीपी या प्रचलित साधनात त्यांची मूळ संख्या आहे 10.

हमाल 200, काटे 10.

एरवी हे छान चालतं, कारण एक वजन डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. पण एक वजन जरी चार-पाच सेकंदांवर गेलं, तरी 190 हमाल पोतं पाठीवर घेऊन उभे. खरा हमाल पोतं खाली ठेवून बिडी ओढेल. या थ्रेडला ती मुभा नाही. फाटकावर नवी गाडी आली तर उचलायला कोणी मोकळा नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, यार्ड बंद. म्हणजे 'सर्वर डाऊन'. प्रत्यक्षात आत प्रत्येक जण कामावर हजर आहे.

काका ऐकत होते. म्हणाले, "मंग काटे वाढवा न राजेहो! हमाल वाढवून काय करता?"

अर्धं बरोबर. आमच्या कंपनीतल्या बैठकांतही बहुतेकांची गाडी इथवरच येते. पण वहीवाल्यालाही मर्यादा असते. पोस्टग्रेस हा डेटाबेस मूळ मांडणीत 100 जोडण्या घेतो. सगळे काटे एकदम त्याच्याकडे धावले तर त्याचाच हात चालेनासा होतो. म्हणून आम्ही आधी वेगळा प्रश्न विचारतो: वजनाला इतका वेळ लागतोय कशानं? पुष्कळदा उत्तर फार साधं निघतं. अडत्या तुमचं नाव शोधायला वही पहिल्या पानापासून चाळतोय. वहीला नावांची सूची लावली, म्हणजे इंडेक्स केला, की तेच काम क्षणात होतं. मी स्वतः एकदा असा एक इंडेक्स लावायला विसरलो होतो. पूर्ण रात्र गेली होती शोधण्यात.

(दृश्य: जुन्या कार्यालयातला टेबलावरचा संगणक, धुळीचा कीबोर्ड.)

ही मधली जागा पूर्वी सगळीकडे नव्हती. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला पुष्कळ ठिकाणी नियम प्रत्येक कारकुनाच्या संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये असत, आणि तो प्रोग्रॅम थेट डेटाबेसशी बोले. नियम बदलला की टेबलोटेबली फिरा. वेब आलं आणि ते अशक्यच झालं. वेबलॉजिक, वेबस्फिअर असे सर्व्हर आले, आणि डिसेंबर 1999 मध्ये जावा बनवणाऱ्या सन कंपनीनं जे2ईई नावाचं मानक काढलं, म्हणजे कोणत्याही यार्डात चालतील असे नियम. पुढे सन ओरॅकलकडे गेली, 2017 मध्ये ओरॅकलनं हे मानक एक्लिप्स फाउंडेशनकडे दिलं, पण 'जावा' हे नाव सोडलं नाही. म्हणून मानकाचं नवं नाव जकार्ता. त्या एका नावापायी आम्ही फाइलींमागून फाइलींत 'जावाएक्स' खोडून 'जकार्ता' लिहिलं. सातबाऱ्यावरच्या नावात दुरुस्ती करून घेतली आहे का कधी? तसंच.

हल्ली तर स्प्रिंग बूटसारख्या पद्धतीत प्रोग्रॅमच टॉमकॅट पोटात घेऊन फिरतो. यार्डच गाडीवर. गर्दी वाढली की तशीच आणखी एक गाडी उभी करायची. वही मात्र बहुतेक ठिकाणी एकच.

केंद्रात मागं बसलेल्या एका मावशीचं दुखणं वेगळं. "पैसे कटले, पावती नाई आली." एका डेटाबेसमध्ये व्यवहार पूर्ण होतो किंवा अजिबात होत नाही, फेरफार अर्धा नोंदवून चालत नाही तसं. ही जबाबदारी सांभाळणं हे ॲप्लिकेशन सर्व्हरचं सर्वांत जोखमीचं काम. पण पैसे बँकेच्या वहीतून गेले आणि अर्ज दुसऱ्या वहीत. मधेच उत्तर तुटलं की दोन वह्या जुळत नाहीत. मग कोणीतरी रात्री दोन्ही समोर ठेवून ताळमेळ घालतो. मावशीनं व्यवहार क्रमांक जपून ठेवायचा आणि पुन्हा पैसे भरायची घाई करायची नाही.

ताईला यातलं तांत्रिक काही माहीत नव्हतं. तिनं एका वहीत नावं लिहिली आणि सांगितलं, "आता घरी जा. पहाटे चारपासून बोलावतो एकेकाले."

(दृश्य: अंधार. शटर अर्धं वर. आत एकच दिवा, इन्व्हर्टरची बारीक घरघर.)

31 जुलै, पहाटेचे सव्वाचार. काकांचा अर्ज चार मिनिटांत गेला. ते प्रिंटरकडे पाहत म्हणाले, "आता कसा आला सर्वर? हमाल तं झोपले असतीन."

"हमाल तेवढेच हायत, काका. काटा रिकामा हाय."

ताईनं पावती त्यांच्या हातात दिली आणि वहीतल्या पुढच्या नावाला फोन लावला.