अटॅचमेंटच्या आत : उद्यमबागेतील एका फाउंड्रीचे कार्यालय (चित्रफितीचे निवेदन)

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील या फाउंड्रीत लोखंडाचा लालभडक रस साच्यांत ओतला जात असताना, भिंतीपलीकडच्या छोट्या कार्यालयात त्याच कास्टिंगची कागदपत्रे ई-मेलने येत असतात. पडद्यावर दिसणारी ही यादी एकाच सकाळची आहे. अटॅचमेंटची नावे पाहा : ‘स्कॅन ०००१’, पुन्हा ‘स्कॅन ०००१’, ‘न्यू डॉक्युमेंट’, ‘फायनल फायनल’. यांतली एक परचेस ऑर्डर आहे, एक पुरवठादाराचे बिल आहे, एक कन्नडमधले विजेचे बिल आहे आणि एक सुधारित ड्रॉइंग आहे. पण नावावरून त्यातले काहीच कळत नाही, आणि विषयाची ओळ तर बहुतेकांनी रिकामीच सोडलेली असते.

सगळे ज्यांना तात्या म्हणतात ते इथले ज्येष्ठ लेखनिक प्रत्येक अटॅचमेंट उघडून, वाचून योग्य फोल्डरमध्ये ठेवत असत. “उघडून बघितल्याशिवाय काय कळतंय ओ?” हे त्यांचे वाक्य आमच्या चित्रीकरणात तीनदा आले आहे, आणि अटॅचमेंट उघडून, वाचून फोल्डरमध्ये लावणारा जो प्रोग्राम आता इथे बसवला आहे, तो त्याच एका वाक्यावर उभा आहे.

ई-मेल मुळात साध्या इंग्रजी मजकुरासाठी तयार झाली होती. चित्रे आणि फाइली तिच्यातून पाठवण्याची ‘माइम’ ही पद्धत नॅथॅनिअल बोरेन्स्टाइन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ साली मांडली. या पद्धतीत फाइलीचे दर तीन बाइट चार साध्या अक्षरांत बदलून पाठवले जातात, म्हणूनच अटॅचमेंट मूळ फाइलीपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने जड होते. इथला प्रोग्राम प्रथम ती अक्षरे उलट फिरवून मूळ फाइल मिळवतो आणि तिच्या आरंभीची खूण तपासतो. आरंभी टक्क्याचे चिन्ह आणि ‘पीडीएफ’ ही अक्षरे असतील तर ती पीडीएफ; मग पाठवणाऱ्याने नाव काहीही दिलेले असो. त्यानंतर त्या पीडीएफमध्ये निवडता येणारा मजकूर आहे की नुसते कागदाचे चित्र आहे, हे तो पाहतो, आणि चित्र असेल तर ‘टेसरॅक्ट’ हे अक्षरओळखीचे मुक्त सॉफ्टवेअर ते वाचते. ते मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तिन्ही भाषा वाचू शकते.

आता हे बिल जवळून पाहा. वरच्या कोपऱ्यात पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक आहे आणि त्याचे पहिले दोन अंक राज्याचे आहेत : कर्नाटकाचे २९, महाराष्ट्राचे २७. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर थोड्याच अंतरावर महाराष्ट्रातली शिनोळी लागते. तिथल्या कारखान्याने तिथून माल पाठवला तर त्याच्या बिलावर २७ येतात आणि आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर, लागतो, तर दूर बंगळुरूहून आलेल्या बिलावर २९ येतात आणि सीजीएसटी (केंद्राचा), एसजीएसटी (राज्याचा) असे दोन भाग पडतात. सीमेवरच्या हिशेबनिसाला हा फरक रोज सांभाळावा लागतो. प्रत्येक बिलावर फाउंड्रीचा स्वतःचा क्रमांकही छापलेला असतो, म्हणून प्रोग्राम तो आधी बाजूला काढतो आणि उरलेल्या क्रमांकावरून फोल्डर ठरवतो. पुसट स्कॅनमध्ये शून्याचा ‘ओ’ होतो, ‘झेड’चा २ होतो, पण कोणत्या जागी अंक आणि कोणत्या जागी अक्षर हे ठरलेले असल्यामुळे, आणि पंधरावे चिन्ह पडताळणीचे असल्यामुळे, अशा बऱ्याच चुका तिथल्या तिथे पकडल्या जातात.

खरी अडचण लिपीची आहे, आणि ती आम्हाला मुद्दाम दाखवायची आहे. हे मराठी पत्र श्री-लिपी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले आहे, ते कन्नड पत्र नुडी या कन्नड सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये. डोळ्यांना दोन्ही स्वच्छ वाचता येतात. पण त्यांतला मजकूर कॉपी केला की असा, इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा गोंधळ हाती येतो, कारण आत युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी सर्वमान्य पद्धत, नाही. म्हणून अशा पत्रांसाठी प्रोग्राम आतला मजकूर सोडून देतो आणि पानाचे चित्र करून ते नव्याने वाचतो. हाच मजकूर पाठवणाऱ्याने युनिकोडमध्ये टाइप केला असता तर हा सारा वळसा टळला असता. मराठी असो वा कन्नड, आपली पत्रे यंत्राला थेट वाचता यावीत, इतके तर आपल्याला करता येण्यासारखे आहे.

फोल्डर कोणते असावेत, हे तात्यांच्या या लाल वहीतून आले आहे. डेबिट नोट (बिलातून रक्कम वजा केल्याची सूचना) आधी उघडायची, ड्रॉइंगच्या उजव्या खालच्या चौकटीतला रिव्हिजन क्रमांक पाहायचा, ‘एफजी २६०’ (बिडाचा एक दर्जा) असे दिसले की बहुधा ते मटेरियलचे टेस्ट सर्टिफिकेट, अशा नोंदी त्यांनी स्वतःसाठी केल्या होत्या. त्यांचेच नियम झाले. मागे एकदा सुधारित ड्रॉइंग दोन दिवस न उघडता राहिले होते आणि जुन्या मापाची खेप पुन्हा वितळवावी लागली होती.

ज्या अटॅचमेंटबद्दल प्रोग्रामला खात्री नसते, ती ‘पाहून ठरवा’ या फोल्डरमध्ये जाते. काहीही आपोआप पुसले जात नाही. संध्याकाळी त्यात एकच फाइल आहे : मोबाइलवर आडवा काढलेला, हाताने लिहिलेल्या चलानाचा फोटो. तात्या तो सरळ करतात, चष्मा कपाळावरून खाली घेतात, वाचतात, आणि वहीचे पान उलटून नवी नोंद लिहायला घेतात.