क्लिक कधी करायचं

नमस्कार मंडळी. रविवारची सकाळ सोडून तुम्ही एवढे सगळे इथे कोथरूडला आलात, आणि बरेच जण कुत्र्याला शेजारी नाहीतर सासूबाईंकडे सोपवून आलात, त्याबद्दल खरंच थँक्यू. मी आज मुद्दामच कुत्रा आणलेला नाही, कारण कुत्रा समोर असला की सगळे त्यालाच बघत बसतात आणि आज मला तुमचे डोळे आणि तुमचा अंगठा हवाय.

हा बघा क्लिकर, कुत्र्याला शिकवताना 'हे बरोबर केलंस' हे आवाजाने सांगायचं साधन. मुठीत मावणारी प्लास्टिकची डबी, आत स्टीलची पट्टी, दाबलं की टक-टक. लहानपणी जत्रेत बेडकाच्या आकाराचं टिकटिक वाजणारं खेळणं मिळायचं ना, तसंच. कुत्र्याला पहिल्या दिवशी या आवाजाचा अर्थ काहीच नसतो, तो आपण घालायचा. टक, लगेच चिकनचा तुकडा. टक, तुकडा. पंधरा-वीस वेळा असं झालं की आवाज ऐकूनच तो तुमच्या हाताकडे बघायला लागतो, तुकडा यायच्या आधी. इथपर्यंतचा भाग पाव्हलॉव्हचा, शाळेत आपण लाळ गळणाऱ्या कुत्र्याचा प्रयोग वाचलाय तोच.

पुढचा भाग स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा. जे केल्यावर काहीतरी चांगलं मिळतं ते प्राणी परत करतो, हे त्याने उंदीर आणि कबुतरांवर बारकाईने अभ्यासलं. त्याचे दोन विद्यार्थी, मॅरियन आणि केलर ब्रेलंड हे नवरा-बायको, दुसऱ्या महायुद्धात त्याच्याबरोबर कबुतरांना बॉम्बचा नेम धरायला शिकवायच्या प्रोजेक्टवर होते, आणि 1947 साली त्यांनी प्राणी शिकवायची स्वतःची कंपनीच काढली. पण मला स्वतःला सगळ्यात पटतं ते डॉल्फिनचं उदाहरण. 1960 च्या दशकात कॅरन प्रायर हवाईमध्ये डॉल्फिन शिकवायच्या, आता डॉल्फिनला तुम्ही पट्टा कसा घालणार, ओरडलात तर तो टाकीच्या पलीकडच्या टोकाला निघून जाणार, आणि त्याने हवेत उडी मारली त्या क्षणी तोंडात मासा देणंही शक्य नाही. म्हणून शिट्टी. उडी बरोबर झाली की शिट्टी, मासा नंतर. कुत्र्यांच्या जगात क्लिकर घरोघरी पोचवण्यात पुढे त्यांचाच मोठा वाटा आहे.

आता तुम्ही म्हणाल, शाब्बास म्हटलं तर काय बिघडलं? बिघडत नाही, पण घरात आपण दिवसभर बोलतच असतो हो, फोनवर, टीव्हीसमोर, मुलांशी, आणि शाब्बास म्हणेपर्यंत एक सेकंद जातो. समजा बसायला शिकवताय, त्याचा पार्श्वभाग जमिनीला टेकला आणि तुमचं 'शाब्बास रे माझ्या सोन्या' संपेपर्यंत तो उठून उभा राहिला, मग तुकडा कशाला मिळाला? उठण्याला. टक हा आवाज छोटा असतो, दर वेळी सारखा असतो आणि घरात दुसरीकडे कुठे वाजत नाही.

आमच्या काळूचं सांगतो. तळजईच्या पायथ्याशी सापडलेला देशी कुत्रा, आमच्याकडे आला तेव्हा अंदाजे दीड वर्षाचा. नेलकटर दिसला की पलंगाखाली. एका ट्रेनरने सांगितलं की दोघांनी दाबून धरा आणि कापून टाका, सवय होईल. आम्ही धरलं. सवय झाली ती पलंगाखाली अजून आत जायची, आणि पुढचे कित्येक दिवस साधं पाय पुसायला गेलो तरी तो गुरगुरायचा. मला अजून त्याचं वाईट वाटतं. मग सगळं सोडून पहिल्यापासून सुरू केलं. नेलकटर खोलीच्या त्या टोकाला टेबलावर ठेवला, काळूने नुसतं तिकडे बघितलं, टक, पनीर. दोन दिवस एवढंच. मग नेलकटर माझ्या हातात, पण पाठीमागे. मग पंजाला माझं बोट लागलं, टक. पंजा हातात एक सेकंद, टक. मग कटर नखाला नुसता टेकवला, कापलं नाही, टक. मधे एकदा मी घाई केली, एका पायरीऐवजी दोन पायऱ्या चढलो, तो मागे सरकला, तर मीही दोन पायऱ्या खाली आलो. तिसऱ्या आठवड्यात एक नख कापलं. एकच. आणि त्या दिवशी बंद. आता रविवारी नेलकटर काढला की तो समोर येऊन बसतो आणि पुढचा उजवा पंजा स्वतःहून माझ्या गुडघ्यावर ठेवतो. पंजा काढून घेतला तर मी थांबतो, हे त्याला माहितीये, आणि मला वाटतं म्हणूनच तो बहुतेक वेळा काढत नाही.

यालाच शेपिंग म्हणतात, छोट्या छोट्या तुकड्यांत शिकवणं. बेल वाजली की भुंकत दाराकडे धावणाऱ्या कुत्र्याला चटईवर जायला असंच शिकवतात. आधी बेल नाहीच, नुसती चटई. बघितली, टक. एक पाय ठेवला, टक. चारही पाय, टक. बसला, टक. हे पक्कं झाल्यावर हळू आवाजात मोबाइलवर बेल, आणि खरा डिलिव्हरीवाला सगळ्यात शेवटी.

शब्दसुद्धा शेवटी. घरोघरी काय होतं, कुत्र्याला काही कळायच्या आधीच आपण सिट सिट सिट सिट म्हणत राहतो, बाबा म्हणतात सिट, आजी म्हणते बस रे बाळा, धाकटा म्हणतो डाऊन, आणि शेवटी ऐकत नाही म्हणून बोलणी त्यालाच. आधी तो बसायला लागू दे, दहापैकी नऊ वेळा, मग बसायच्या जरा आधी एकच शब्द म्हणा. बस म्हणा नाहीतर सिट म्हणा, त्याला मराठी-इंग्रजीचा फरक नाही, पण घरातल्या सगळ्यांनी एकच ठरवा.

क्लिक करून कुत्र्याला बोलवू नका, तो रिमोट नाही. आणि चुकून टक झालं, नको त्या वेळी झालं, तरी तुकडा द्यायचाच. चूक तुमची होती, त्याची नव्हती, आणि दोन-चारदा टक होऊन काही मिळालं नाही की तो आवाज त्याच्यासाठी रस्त्यावरच्या हॉर्नसारखा होऊन जातो. तुकडा वाटाण्याएवढा, उकडलेलं चिकन, पनीर, काहीही आणि तेवढं संध्याकाळच्या जेवणातून कमी करा. चिकन उकडताना कांदा-लसूण अजिबात नको, आणि मनुका, द्राक्षं, चॉकलेट तर घरात कुणालाच देऊ देऊ नका, कुत्र्यांना ते विषारी आहे.

दिवाळीच्या फटाक्यांनी किंवा नदीपात्रातल्या ढोलाच्या प्रॅक्टिसने जे कुत्रे आधीच घाबरलेले असतात त्यांना क्लिकरचा आवाजही टोचू शकतो. त्यांच्यासाठी क्लिकर खिशात ठेवून दाबा, नाहीतर बॉलपेनची टिकटिक वापरा, चालतं. एका वेळी दोन-तीन मिनिटं पुरे, आणि तो कंटाळायच्या आधी तुम्ही थांबा.

आता क्लिकर घ्या सगळ्यांनी, पुढच्या रांगेतून मागे पास करा. मी हा टेनिस बॉल हातातून सोडणार, बॉल जमिनीला लागेल त्याच क्षणी टक. आधी नाही, नंतर नाही. पहिल्यांदा सगळ्यांचं उशिरा होतं, कारण आपण टप्प्याचा आवाज ऐकून दाबतो. कान नका वापरू, बॉल बघत राहा. तयार? सोडतोय.