पलंगाखालचा ड्रम

(पडदा काळा. चावी फिरल्याची किरकिर. एक टिचकी. पुन्हा किरकिर.)

हे माझे बाबा. वय ६४. बँकेत कारकून म्हणून लागले, हेड कॅशियर म्हणून निवृत्त झाले. आत्ता ते स्नेअर, म्हणजे संचातला कडक आवाजाचा छोटा ड्रम, सुरात लावताहेत. समोरासमोरचे बोल्ट, एका वेळी पाव आटा, मग प्रत्येक बोल्टजवळ पानावर, म्हणजे ड्रमवर ताणलेल्या पडद्यावर, एक टिचकी. दहा बोल्ट, दहा टिचक्या. एखादी वेगळी बोलली की पुन्हा पहिल्यापासून. या कामात त्यांच्याशी बोलायचं नसतं. आई म्हणते, नोटा मोजतानाही असंच असायचं.

हा त्यांचा पाचवा ड्रम संच. हौशी माणसाचं साधारण असं असतं की हातात पैसा खेळायला लागला की वाद्य मोठं होतं. बाबांचं उलटं झालं. पगार वाढत गेला, ड्रम लहान होत गेले. २४ इंचांपासून सुरू झालेला बेस ड्रम, म्हणजे पायाने वाजवायचा सगळ्यात मोठा ड्रम, आता १८ इंचांवर आलाय. मधली काही वर्षं तर त्याच्या जागी रबराचा एक तळहाताएवढा तुकडा होता.

(गिरगाव. चाळीचा लाकडी जिना, कॉमन गॅलरी.)

सुरुवात इथली. १० बाय १२ची खोली, मागे स्वयंपाकघर, माणसं सात. बाबा शाळेत असताना मंडळाच्या लेझीम पथकात साइड ड्रम वाजवायचे, तो मंडळाचा. स्वतःचा पहिला संच १९८२चा. संच म्हणणं म्हणजे जरा कौतुकच. लग्नात वाजवणारा एक बँड बंद होत होता, त्यांच्याकडून गळ्यात अडकवायचा मोठा ड्रम आणि एक साइड ड्रम मिळाला. पायाने वाजवायचं पेडल चोर बाजारातून आणलं. त्याची स्प्रिंग तुटकी होती, तिथे सायकलच्या कॅरिअरची स्प्रिंग बसवली.

गंमत अशी की जगात ड्रम सेट जन्माला आला तोही असाच. बँडमध्ये मोठा ड्रम एकाचा, साइड ड्रम दुसऱ्याचा, झांजा तिसऱ्याच्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या नाटकगृहांत वादकांना जागाही कमी आणि पैसाही मोजका, तेव्हा तिघांचं काम एकावर आलं. १९०९ साली लुडविगने पायाचं पेडल आणलं आणि मोठ्या ड्रमपासून दोन्ही हात सुटले. म्हणजे हे वाद्यच मुळात अडचणीच्या जागेतलं. चाळीत ते शोभलं यात नवल नाही.

त्या ड्रमांना कातडी पानं होती. पाश्चात्त्य देशांत १९५७च्या सुमारास रेमो बेली वगैरेंनी पॉलिएस्टरची पानं विकायला आणली आणि कातडं मागे पडलं, पण बँडवाल्यांच्या जुन्या मालात ते तसंच राहिलं होतं. पावसाळ्यात पान सैल पडायचं, ठोका दिला की ओल्या गादीवर मारल्यासारखा आवाज. हलगी शेकतात तसा बाबा ड्रम शेकायचे. फक्त चाळीत जाळ कुठला करणार? टेबल लॅम्प पानाजवळ धरून बसायचे. आजी म्हणायची, "अंडी उबवतोय."

शिकवणारे सर मूळचे गोव्याचे, धोबी तलावाजवळ राहायचे. सिनेमाच्या रेकॉर्डिंगमधले वादक त्यांच्या ओळखीचे. त्या काळी ही नावं बाबांना क्रिकेटपटूंसारखी पाठ होती: राहुलदेव बर्मन यांच्याकडचे फ्रँको वाझ, कावस लॉर्ड आणि त्यांची मुलं केर्सी आणि बर्जोर. सरांनी पहिले चार महिने ड्रमला हात लावू दिला नाही. उशीवर वाजवायचं. उशीवर काडी उसळत नाही, प्रत्येक ठोका मनगटाने उचलावा लागतो. उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. पुढे डोंबिवलीहून सुटणाऱ्या फास्ट लोकलमध्ये बसायला मिळालं की हेच मांडीवरच्या बॅगेवर चालायचं. शेजारचा प्रवासी दादरपर्यंत काय विचार करत असेल, देव जाणे.

(जुना रंगीत फोटो. लाल चमचमता संच, मागे पत्र्याचं कपाट.)

दुसरा संच १९८७चा. नोकरी लागली होती, पतपेढीचं कर्ज मिळालं. याला सगळे 'जॅझ' म्हणत. "तुमचा जॅझ आणणार का हळदीला?" असं विचारायचे लोक. इथेच बनवलेला, प्लायवूडचा, वर लाल चमकीचं प्लॅस्टिक. बेस २२ इंची, टॉम म्हणजे मधले ड्रम १२ आणि १३, जमिनीवर उभा राहणारा फ्लोअर टॉम १६, स्नेअर १४.

आता हा ठेवायचा कुठे? मांडला तर पाच बाय सहा फूट जागा खातो, म्हणजे खोलीचा पाव हिस्सा. पलंगाच्या पायांखाली चाळीत सगळ्यांच्याच विटा असतात, आमच्याकडे दोनाच्या चार झाल्या. बेस ड्रमचं एका बाजूचं पान काढायचं, पोटात १६ इंची, त्याच्या पोटात १३, आणि हे सगळं आडवं करून पलंगाखाली. डब्यात डबा बसावा तसं. उरलेला १२ इंची फळीवर, त्यात आजीचे कांदे. पलंग इतका उंच झाला की आजोबा स्टुलावर पाय ठेवून वर चढायचे. त्यांनी कधी तक्रार केली नाही, पण झोपायला जाताना रोज एकदा "जय हरी" जरा मोठ्याने म्हणायचे.

या संचाबरोबर मिळालेल्या झांजा पितळी होत्या. वाजवल्या की मोरीत भांडं पडल्याचा भास व्हायचा. दोन वर्षांनी बोटीवर नोकरी करणाऱ्या शेजाऱ्याने बाहेरून एक २० इंची राइड, म्हणजे ताल धरायची मोठी झांज, आणून दिली, झिलजिअनची. ही कंपनी १६२३ची, कॉन्स्टॅन्टिनोपलमधली, म्हणजे आजच्या इस्तंबूलमधली. तुर्कीत झिल म्हणजे झांज, आणि या आडनावाचा अर्थ 'झांजा बनवणाऱ्याचा मुलगा'. आपल्याकडच्या तांबटासारखंच हे, धंद्यावरून पडलेलं आडनाव.

(काशाची वाटी आणि राइड, शेजारी शेजारी.)

आजीने ती हातात घेतली, नखाने टिचकी मारली, कानाशी नेली. "अरे, ही तर काशाची! पायाला चोळायला आणलीस का?"

आजी बरोबर होती. चांगल्या झांजेच्या धातूत ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील असतं. पायाला तूप लावून जी वाटी चोळतात, तिचं कासंही जवळपास त्याच प्रमाणातलं. ते नाद धरून ठेवतं आणि आपटलं की तडकतं. ती वाटी आणि ती राइड आमच्याकडे अजून आहेत. वाटी तडकली नाही. राइडला काठाजवळ चीर गेली, तेव्हा बाबांनी चिरेच्या टोकाशी बारीक भोक पाडलं, म्हणजे ती पुढे सरकत नाही.

(डोंबिवली स्टेशन, फलाटावरची गर्दी.)

१९९३मध्ये आम्ही डोंबिवलीला आलो. मी तेव्हा तीन वर्षांची. दोन खोल्या, हॉल वेगळा, जागा भरपूर. बाबांनी पहिल्याच रविवारी संच मांडला आणि पहिल्याच रविवारी सोसायटीचे सेक्रेटरी आले. चाळीत भिंती पातळ होत्या आणि कोणी बोललं नव्हतं. इथे भिंती जाड, पण दारं बंद असायची. बंद दाराआडच्या माणसाला आवाज जास्त टोचतो, असं माझं मत आहे. बाबांना ते पटत नाही. ते म्हणतात, "चाळीत सगळेच वाजवत होते गं. कोणी पेटी, कोणी बायको-मुलांना."

जॅझ कल्याणला गेला, एका मित्राच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात. रविवारी सकाळी तिथे जायचं. घरात उरली उशी.

तिसरा संच म्हणजे ऑक्टोपॅड, १९९९चा. सुटकेसएवढी पेटी, वर आठ रबरी पॅड. त्यात शेकडो आवाज: तबला, ड्रम, शिट्टी, काच फुटल्याचासुद्धा. ऑर्केस्ट्रात आणि बेंजो पार्टीत तोवर याचंच राज्य सुरू झालं होतं, कारण टेम्पो नको, रिक्षा पुरते. बाबा या वर्षांबद्दल फार बोलत नाहीत. रबरावर हात मेला, असं म्हणतात. पण मी हळदीच्या मांडवांत त्यांच्या मागे खुर्चीवर बसून पेंगलेय. उजव्या हाताने ढोलकी, डाव्या हाताने टाळ्या, आणि मध्येच गायिका ताल चुकली की तिला कळायच्या आत सांभाळून घेणं. माझ्या मते बाबा सगळ्यात चांगलं वाजवायचे ते तेव्हा. हे मी त्यांना पहिल्यांदाच या फिल्ममध्ये सांगतेय.

(पाऊस. गाळ्याचं शटर.)

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे सगळ्यांना माहीत आहे. कल्याणमध्ये उल्हास नदीचं पाणी शिरलं, हे मुंबईतल्या बातम्यांत मागे राहिलं. गाळ्याचं शटर चौथ्या दिवशी उघडलं. लाल चमकी फुगून सुटली होती, आतल्या प्लायचे थर पुस्तकाच्या पानांसारखे वेगळे झाले होते. बेस ड्रमच्या पोटात कोणाची तरी चप्पल. बाबांनी ती बाहेर काढली, जोडीची दुसरी सापडते का ते बघितलं आणि मग बाकीचं आवरायला घेतलं. वाचलं काय, तर राइड आणि पेडल.

पुढचं जरा भरभर सांगते. चौथा संच २००९चा, इलेक्ट्रॉनिक. जाळीची पानं, हेडफोन लावला की खोलीत नुसती टपटप. वाटलं, आता प्रश्न मिटला. आठ दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, "रात्री मसाला कुटता का हो?" आवाज कमी झाला होता, पण पेडलचा धक्का स्लॅबमधून खाली उतरत होता. हवेतला आवाज अडवता येतो, जमिनीतून जाणारा हादरा हट्टी.

मग बाबांनी दोन प्लाय आणले. मैदानातल्या पोरांकडून टक्कल पडलेले २४ टेनिस बॉल गोळा केले. खालच्या प्लायला बॉल बसतील अशी भोकं, वर दुसरा प्लाय, त्याच्यावर संच. बॉल दबतात आणि धक्का खातात. मसाला कुटणं थांबलं. संचावर बसलं की मात्र होडीत बसल्यासारखं हलायचं.

(आत्ताचा हॉल. खिडकीत ऊन.)

आणि हा पाचवा. २०२१मध्ये निवृत्तीनंतर घेतलेला, लाकडी, खराखुरा. बेस १८ इंची, टॉम एकच, खाली तोच टेनिस बॉलचा प्लाय. इतक्या लहान बेसला मोठ्याचा खोल आवाज येत नाही. जोराने मारलं तर तो भुंकतो. म्हणून हळू वाजवावं लागतं आणि हळू वाजवणं फार अवघड. चाळिशीत जमलं नसतं, असं बाबा म्हणतात.

कायदा काय सांगतो, तर २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. स्नेअरचा एक कडक ठोका जवळून शंभरच्या वर जातो. गणपतीत गेटबाहेर ६० ढोल दुपारभर वाजतात आणि तेच सेक्रेटरी फेटा बांधून पुढे नाचतात, याचा राग बाबांच्या मनातून गेलेला नाही. पण वाटाघाटी केल्या त्यांनीच. खालचे आजोबा, शेजारची दहावीची मुलगी, वरचे रात्रपाळीवाले, तिघांच्या वेळा कागदावर मांडल्या, हिशेब जुळवला. उरले ते चार ते पाच.

(घड्याळ. तीन वाजून बावन्न मिनिटं.)

स्नेअर लागलंय. पेडलला तेल झालंय. सायकलची स्प्रिंग तीच आहे. बाबा स्टुलावर बसलेत, काड्या मांडीवर आडव्या. मी म्हटलं, "बाबा, कॅमेरा चालू आहे, वाजवा ना." त्यांनी घड्याळाकडे बोट दाखवलं.

आठ मिनिटं आम्ही दोघं बसून राहिलो. आईने चहा आणला. कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

(काड्या एकमेकींवर: एक, दोन, तीन, चार.)