जिन्यात भरलेली मंडळी

नमस्कार श्रोतेहो. आज चर्चबद्दल बोलूया. ठाणेकराला चर्च म्हटलं की तलावपाळीजवळचं जुनं चर्च आठवतं, आणि ख्रिस्ती माणसाला विचाराल तर तो म्हणेल चर्च म्हणजे आम्ही, विश्वासणारी माणसं. दोन्ही बरोबर आहे. पण आधी माणसं आली, भिंती नंतर, हे लक्षात ठेवा. आधी माणसं.

येशूचा प्रेषित पौल याने रोमकरांना पत्र लिहिलं त्यात तो प्रिस्का आणि अक्विला या नवराबायकोला सलाम सांगतो आणि त्यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीलाही. राहुट्या शिवून पोट भरणारी माणसं ती. सिरियात दुरा-युरोपस इथे इ.स. २४०च्या आसपासचं एक घर खणून काढलंय, साधं राहतं घर, दोन खोल्यांमधली भिंत पाडून मोठी खोली केलेली आणि बाजूच्या खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड. लांब कशाला, आपल्या ठाण्यात १३२१ साली फ्रान्सिस्कन पंथाचे चार साधू मारले गेले, त्यानंतर आलेला ओदोरिक नावाचा प्रवासी साधू लिहितो की इथे नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाच्या, ख्रिस्त्यांची १५ घरं होती आणि ते चौघं त्यातल्याच एका घरी उतरले होते. घरं मोजलीत त्याने, लक्षात घ्या.

आता मला जी गोष्ट सांगायचीच आहे ती. नेरुळला आमची मंडळी एका शाळेच्या हॉलमध्ये भरायची. एका रविवारी तिथे कसलीशी भरतीची परीक्षा लागली, गेटवर पोलीस, आत जायला मनाई, आणि तो नेमका प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला वाटून घेण्याचा रविवार. आम्ही सगळे रस्त्यावर, बायकांच्या हातात डबे, पोरं कंटाळलेली, मंडळीचे पंच फोनवर फोन लावतायत. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, आजींकडे जाऊया. आमच्या मंडळीतल्या या आजी जवळच सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहायच्या, लिफ्ट नाही, गुडघे गेलेले, कित्येक महिने खाली उतरल्या नव्हत्या. पाळकसाहेबांनी खालूनच हाक मारली, "आजी, येऊ का वर?" आजी खिडकीतून म्हणाल्या, "या की रे, पण एवढे बसाल कुठं?"

तर बसलो जिन्यात. तळमजल्यापासून चौथ्यापर्यंत, प्रत्येक पायरीवर दोघं दोघं. पाळकसाहेब तिसऱ्या मजल्याच्या वळणावर उभे, म्हणजे वर आजींना दिसतील आणि खाली आवाज जाईल. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं भजन सुरू केलं तर वरचे दुसऱ्या ओळीवर आणि खालचे अजून पहिलीवर, पण काय घुमलं म्हणून सांगू! (टिळकांची भजनं झांज-मृदंगावरच म्हणावीत हो, कीबोर्डचा तयार ठेका लावला की त्यातला जीवच जातो, आणि हल्ली तर स्पीकर इतके मोठे लावतात की शेजारी बसलेल्याचा आवाज ऐकू येत नाही. शेजाऱ्याचा आवाज ऐकू यायलाच पाहिजे.) दुसऱ्या मजल्यावरच्या आगरी काकूंनी स्वतःहून दार उघडलं, म्हाताऱ्यांना आत सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं आणि दारात उभ्या राहून शेवटपर्यंत ऐकत होत्या.

मग प्रभुभोजन. भाकरीचं ताट पहिलं आजींकडे गेलं आणि तिथून हातोहात एकेक पायरी खाली, कुणी उठलं नाही, कुणी घाई केली नाही. आजी एवढंच म्हणाल्या, "मला वाटलं माझं चर्च सुटलं."

तेव्हापासून आमच्याकडे महिन्यातला एक रविवार, उपासना झाली की पाळकसाहेब आणि दोन-तीन घरं मिळून ज्याला येता येत नाही त्याच्याकडे जातात, भाकर आणि प्याला घेऊन. फोटो काढायचे नाहीत, असं पंचांनी ठरवलंय आणि मला ते फार आवडतं.

आणि इमारत नको असं मी अजिबात म्हणत नाहीये. लग्नाला, मयताला, पावसापाण्याला स्वतःचं छप्पर लागतंच, भाड्याच्या हॉलवर पिढ्या वाढत नाहीत. प्लॉटसाठी आमचे पैसे जमवणं चालूच आहे, आजी असत्या तर त्यांनीही पेन्शनमधून दिले असते. नकाशा काढणाऱ्याला पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितलंय, उपासनेचा हॉल तळमजल्यावर घ्या आणि दाराशी उतार ठेवा, घंटेच्या मनोऱ्याचं नंतर बघू.